नातीचं पहिलं धनुष्य: साइट आणि रंग

आधी निकाल सांगतो: साइट (नेम धरायची पट्टी आणि तिच्यावर सरकणारी पिन) उत्तम, रायझर (धनुष्याचा मधला, मुठीचा भाग) ठीक, दुकान बरं.

नात सातवीत आहे आणि मुलुंडला एका शाळेच्या मैदानावर आर्चरी शिकते. सातारच्या अदिती स्वामीनं 2023 साली बर्लिनला वयाच्या 17व्या वर्षी जागतिक विजेतेपद मिळवलं, तेव्हापासून आमच्या घरात हे खूळ आहे. अदितीचं धनुष्य कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं. नातीला तेच हवं होतं. सर म्हणाले, आधी रिकर्व्ह, म्हणजे बिनचाकाचं, टोकं पुढे वळलेलं. विषय संपला. खरेदी माझ्याकडे आली, कारण मी भांडुपच्या कारखान्यात टूलरूमला होतो आणि स्क्रू असलेली कुठलीही वस्तू घरात आली की आधी माझ्या हातात देतात.

धोबी तलावला खेळाच्या सामानाची रांग आहे, त्यातलं एक दुकान. दुकानदारानं तीन साइट काउंटरवर मांडल्या. पहिली प्लास्टिकची, दीड हजारांची, टोकाला हिरवा चमकणारा ठिपका. दुसरी ॲल्युमिनियमची, जवळपास तिप्पट भावाची. तिसरी शिबुया अल्टिमा, जपानी, मोठ्या स्पर्धांतली मंडळी वापरतात ती. अल्टिमा हातात घेतली आणि मन प्रसन्न झालं. असं मशीनिंग हल्ली बघायला मिळत नाही. पण तेवढ्या पैशात नवशिक्याचा अख्खा सेट येतो, म्हणून नमस्कार करून परत ठेवली.

राहिल्या दोन. प्लास्टिकवालीचा डावी-उजवीकडचा नॉब फिरवला तर अर्धा फेरा काहीच हलेना, मग एकदम पिन सरकली. आट्यांत ढिलेपणा. पिन बोटानं हलवली तर डुगडुगत होती. दुकानदार म्हणाला, ‘काका, लहान मुलीला काय फरक पडतो?’ मी त्याच्याच बिलबुकाच्या पाठीवर हिशोब मांडला. नातीच्या डोळ्यापासून पिनपर्यंत अंतर धरा 85 सेंटिमीटर. पिन एक मिलिमीटर सरकली की 30 मीटरवर बाण साडेतीन सेंटिमीटर सरकतो. 80 सेंटिमीटरच्या टारगेटवर एक रिंग असते 4 सेंटिमीटरची. म्हणजे पोरीनं सगळं बरोबर केलं तरी नऊच्या जागी आठ लागणार, आणि ती बिचारी स्वतःचा हात सुधारत बसणार. मोठ्या नेमबाजाला निदान कळतं की दोष सामानात आहे. पोरांना नाही कळत. म्हणून माझं मत असं की पहिल्याच धनुष्याला साइट चांगली लागते, बाकी सगळं हलकं चालेल.

ॲल्युमिनियमवालीच्या दोन पेट्या फोडायला लावल्या. एकच कंपनी, एकच मॉडेल. एकीचा ब्लॉक, म्हणजे पिन धरणारा सरकता ठोकळा, लॉक करताना शेवटच्या पाव फेऱ्याला पिन थोडी वर उचलली जायची. दुसरीची जागची हलली नाही. ती घेतली. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, नाव वाचून घ्याल आणि पहिलीसारखी पदरात पडेल. नॉब फिरवून बघा, लॉक करून बघा, पिन बोटानं हलवून बघा. दुकानदार तोंड वाकडं करील, करू द्या.

एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. मुलांचं धनुष्य हलकं असतं, आमचं 20 पाउंडांचं, म्हणजे दोरी पूर्ण ओढायला तेवढा जोर. अंतर वाढलं की पिन खाली आणावी लागते आणि हलक्या धनुष्याला ती फारच खाली येते, पट्टी संपते. अशा वेळी साइटचा पुढे आलेला दांडा आत घ्यायचा, म्हणजे तेवढ्याच पट्टीत जास्त अंतर मावतं. दांड्याला तीन-चार खाचा असलेली साइट घ्या, एकाच जागी बसणारी नको. आणि भिंगवाली साइट कुणी गळ्यात मारली तर घेऊ नका. भिंग आणि लेव्हलचा बुडबुडा कंपाउंडला चालतो, रिकर्व्हला नियमात बसत नाही.

आता रंग. नातीच्या मामेभावानं परदेशातल्या शिकारीच्या क्रॉसबोचे व्हिडिओ दाखवून तिच्या डोक्यात झाडपाल्याच्या नक्षीचा कॅमोफ्लाज भरवला होता. ती नक्षी हरणापासून लपायला. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे आणि टारगेटच्या पुठ्ठ्यापासून लपून काय मिळणार? शिवाय वर्ल्ड आर्चरीच्या नियमात खेळाडूच्या सामानावर कॅमोफ्लाज रंग चालतच नाही. हे सांगितल्यावर नात गप्प झाली. मामेभाऊ अजून वाद घालतो.

दुकानात रायझर दोन प्रकारचे होते. लाल, चकचकीत, पावडर कोटिंगचा. आणि निळसर, मंद, ॲनोडाइज केलेला. मी दुसरा उचलला. पावडर कोटिंग हा वरून चढवलेला थर. लिंबचा, म्हणजे वरखालच्या वाकणाऱ्या पात्याचा, बोल्ट जिथे आवळतो आणि साइटची पट्टी जिथे बसते तिथे तो दबतो, मग टवका उडतो. ॲनोडायझिंगमध्ये ॲल्युमिनियमचाच पृष्ठभाग कडक होतो, पोपडा सुटायचा प्रश्नच नाही. ओरखडा पडेल, पडू दे. मुंबईचा घाम आणि खारी हवा ज्यानं लोखंडी ग्रिलवर बघितली आहे त्याला जास्त सांगायला नको. मंद रंगाचा आणखी एक फायदा म्हणजे सकाळच्या उन्हात डोळ्यावर तिरीप येत नाही.

तरी रायझरला पूर्ण मार्क देत नाही. ग्रिपच्या मागच्या कडेला बर, म्हणजे मशीनिंगची धारदार कड, राहिली होती, बारीक पण बोटाला लागणारी. शंभर रुपयांच्या पाटीला चालेल, धनुष्याला नाही. बारीक पॉलिश पेपर मारून घालवली, आता तेवढी रेघ चांदीसारखी दिसते. साइटचे छोटे ग्रब स्क्रूही (बिनडोक्याचे) साध्या लोखंडाचे होते आणि जुलैत तांबूस पडले. नागदेवीच्या बाजारात जाऊन स्टेनलेसचे आणले, निळं लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा चिकट द्रव) लावून बसवले. लाल लावू नका, ते पुन्हा उघडताना ॲलन कीच फिरून जाते. बाण सुटताना धनुष्य जो झटका खातं त्यानं स्क्रू सैल होतातच, म्हणून दर रविवारी मी एकदा सगळे तपासतो. नातीला तो कंटाळवाणा कार्यक्रम वाटतो.

साइट लावायचं गणित तिनं मात्र पटकन उचललं. बाण जिकडे पडतायत, साइट तिकडे न्यायची. घोळका डावीकडे, तर पिन डावीकडे. माझं डोकं आधी उलटं चालत होतं, तिनंच समजावलं, ‘आबा, पिन डावीकडे गेली की मी धनुष्य उजवीकडे नेणार ना!’

साइटच्या पट्टीवरचा आकड्यांचा स्टिकर पहिल्या पावसातच कोपऱ्यातून सुटला. स्क्रायबरनं 10, 18 आणि 30 मीटरच्या रेघा पट्टीवरच ओढून दिल्यात.

दुकानाबद्दल तक्रार एकच. बिलावर ‘स्पोर्ट्स गुड्स’ एवढंच लिहिलं. मी उभं राहून मॉडेल आणि लिंबचं पाउंडेज लिहून घेतलं. तुम्हीही घ्या, वर्षभरानं जड लिंब बदलायला जाल तेव्हा तो हमखास विचारतो, ‘आधी कुठले दिले होते?’