युगांडाच्या छावणीत औषधं द्यायला निघाले होते, 1,24,490 रुपये घालवून बसले

हे लिहायला मला दहा महिने लागले. मार्चमध्ये लिहायला घेतलं होतं, पण "लोक काय म्हणतील" म्हणून ठेवून दिलं. गेल्या आठवड्यात डी.फार्म.च्या शेवटच्या वर्षातल्या एका मुलीने मला परदेशी सेवेचं ऑफर लेटर दाखवलं, ज्याने मी फसले अगदी तसंच. कागद तोच, शिक्का तोच, फक्त देश वेगळा. आता गप्प बसणं जमणार नाही.

आधी आकडे. लोक विचारतात आणि मी आजवर टाळत आले. अर्ज छाननी 2,950. कागदपत्रांचं साक्षांकन 11,800. व्हिसा आणि परमिट 38,500. परत मिळणारी अनामत 50,000. विमा 21,240. एकूण 1,24,490 रुपये. यातले 80,000 कर्मचारी पतसंस्थेचं कर्ज आणि उरलेली माझी बचत. पतसंस्थेच्या कर्जाला दोन जामीनदार लागतात. त्यातले एक आमच्याच हॉस्पिटलच्या औषध स्टोअरमधले काका आहेत, रोज माझ्या शेजारी उभे राहून बिलं लावतात.

मी बी.फार्म. आहे, एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात अकरा वर्षं औषध विभाग सांभाळते. लॉटरीच्या मेसेजला भुलणारी मी नाही. ओटीपी कुणाला देत नाही, घरच्यांनाही देऊ देत नाही. हे सांगते, कारण ऐकणाऱ्या प्रत्येकाने पहिलं वाक्य "शिकलेली असून?" असंच टाकलं. शिकलेली होते म्हणूनच या जाळ्यात आले. न शिकलेल्या बाईला कुणी युगांडात फार्मासिस्ट म्हणून बोलावत नाही.

वैद्यकीय मदत संस्थांमध्ये फार्मासिस्टला खरोखर काम असतं, हे बाहेर फारसं कुणाला माहीत नाही. एमएसएफ म्हणजे डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्ससारख्या संस्थेत डॉक्टर-नर्सच्या बरोबरीने औषधसाठा बघणारा माणूस लागतो. महिन्याला किती मलेरियाच्या गोळ्या लागतील याचा अंदाज, मुदत आधी संपणारं औषध आधी बाहेर काढणं, लसी सतत थंड ठेवणारी शीतसाखळी, हे सगळं तोच बघतो. असं काम एकदा तरी करायचं हे कॉलेजपासून डोक्यात होतं. पस्तिशी जवळ आली, आईची तब्येत स्थिर झाली, आणि 2024 च्या डिसेंबरमध्ये मला ती जाहिरात दिसली. दिल्लीतली वैद्यकीय सेवाभावी संस्था, युगांडाच्या यूम्बे जिल्ह्यातल्या बिडी बिडी निर्वासित वसाहतीत सहा महिन्यांसाठी स्वयंसेवक फार्मासिस्ट हवा. संस्थेचं नाव एका खऱ्या संस्थेच्या नावासारखंच, फक्त एक शब्द मागेपुढे. ते नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्यात खऱ्या संस्थेची बदनामी होईल, आणि खोटे तर रोज नाव बदलतात.

बिडी बिडी खरी आहे. 2016 साली दक्षिण सुदानमधून आलेल्या लोकांसाठी ती वसली. युगांडात सतरा लाखांच्या वर निर्वासित आहेत. मी सगळं वाचून काढलं आणि प्रत्येक गोष्ट खरी निघाली. जागा खरी, गरज खरी, खोटं होतं ते फक्त आम्हाला तिथे नेणारं माणूस. जागा खरी निघाली म्हणून माणूस खरा ठरत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही.

मुलाखत ऑनलाइन झाली. त्यांचा कॅमेरा बंद, "फील्डवरून बोलतोय, नेटवर्क नाही." पण प्रश्न पक्के होते. दहा हजार लोकांना तीन महिने पुरेल अशा आपत्कालीन औषधसंचात काय काय असतं, हे त्याने विचारलं. असा संच खरंच असतो आणि त्याचं मापही तेच आहे. मी मनात म्हटलं, हा विषयातला माणूस आहे.

पहिल्या 2,950 ची पावती जीएसटीसह आली. पत्ता दिल्लीचा, जीएसटी क्रमांक 27 ने सुरू होणारा. 27 म्हणजे महाराष्ट्र, दिल्लीचा 07. घाऊक विक्रेत्यांची बिलं तपासताना दिवसातून वीस वेळा हे 27 बघते मी! डोळ्यांना सवयीचं दिसलं म्हणून पुढे गेले. नंतर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून पाहिलं तर तो क्रमांक एका सिमेंट-पत्र्याच्या दुकानाचा. हे शोधायला लॉगिन लागत नाही, एक मिनिट लागतं. पावती हातात आली की आधी हे करा, पैसे नंतर.

पण तेही एकवेळ सोडा. जी गोष्ट मला रात्री झोपू देत नाही ती वेगळीच आहे.

जानेवारीच्या शेवटी त्यांनी चौदा पानांची प्रशिक्षण पुस्तिका पाठवली. नववं पान, औषधं कशी साठवायची याचा तक्ता. रात्रीचे साडेदहा, ड्युटी करून आलेली, जेवण झालेलं, मी मोबाइलवर वाचत होते. ऑक्सिटोसिन 2 ते 8 अंश, बरोबर. ओआरएस कोरड्या जागी, बरोबर. आणि मग, इन्सुलिन: डीप फ्रीझर, उणे 20.

इन्सुलिन गोठवत नाहीत. गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यावं लागतं, ते काम करत नाही. हे मी रोज खिडकीतून सांगते, "आजी, बर्फाच्या कप्प्यात नको, खालच्या कप्प्यात ठेवा." हे ज्याला माहीत नाही तो औषधांची संस्था चालवूच शकत नाही. तिथेच थांबायला हवं होतं. मी काय केलं? ईमेल लिहिला. अतिशय आदराने लिहिलं की नवव्या पानावर टंकनाची चूक दिसते, कृपया 2 ते 8 अंश असं दुरुस्त करावं.

वीस मिनिटांत उत्तर आलं: मॅडम, याचसाठी आम्हाला तुमच्यासारखी माणसं हवी आहेत. मी तो ईमेल दादाला दाखवला. दादाने आधीच विचारलं होतं, "अगं, काम तू करणार आणि पैसेही तूच भरणार?" त्याला मी ऐकवलं होतं की तुला सेवा कळत नाही. या ईमेलनंतर तर मी त्याला बोलूच दिलं नाही. दुसऱ्या दिवशी अनामतीचे 50,000 मागितले, आणि मी पतसंस्थेचा फॉर्म भरला.

30 जानेवारीला युगांडात इबोलाचा उद्रेक जाहीर झाला. तो उद्रेक खरा होता, जागतिक आरोग्य संघटनेच्या पानावर होता. चार दिवसांत त्यांचा मेल, उद्रेकामुळे आपत्कालीन परत आणण्याचा विमा सक्तीचा, 18,000 अधिक जीएसटी. त्याच सुमारास अमेरिकेने परदेशी मदत रोखली. तेही त्यांनी वापरलं, निधी थांबलाय, म्हणून स्वयंसेवकांना आपला खर्च आधी करावा लागतोय. रोजची बातमी त्यांच्या मेलमध्ये येत होती. मी त्याला पुरावा समजले. बातमी तर कुणीही वाचतो.

आता म्हणाल पैसे भरलेच कसे. परदेशी स्वयंसेवेला पाठवण्याचे पैसे उघडपणे घेणाऱ्या कंपन्या जगात आहेत, बेकायदा नाहीत. त्यामुळे पैसे मागितले यात मला वावगं वाटलं नाही. पण नीट लक्षात घ्या: एमएसएफ असो की संयुक्त राष्ट्रांची स्वयंसेवक योजना, अनुभवी माणूस घेताना ते एक रुपया मागत नाहीत. उलट प्रवास, विमा, राहणं त्यांच्याकडे, वर भत्ता. तुमचं कौशल्य हवं म्हणून बोलावणारा तुमच्याकडून अनामत का घेईल? नोकरीसाठी परदेशी पाठवणाऱ्या परवानाधारक एजंटालासुद्धा 30,000 अधिक जीएसटी एवढीच मर्यादा आहे, आणि तो सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर सापडतो. मी याबद्दल विचारलं होतं. उत्तर आलं, "आम्ही भरती करत नाही मॅडम, ही सेवा आहे." नोकरीला कायदा आहे. सेवा म्हटलं की माणूस वाऱ्यावर.

आणि ते 38,500? युगांडाच्या साध्या पर्यटक ई-व्हिसाची सरकारी फी 50 डॉलर आहे. व्हिसाची फी दूतावासाच्या किंवा त्या देशाच्या सरकारी पानावर स्वतः बघा, एजंटाच्या तक्त्यात नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात हॉस्पिटलने माझा छोटा निरोपसमारंभ केला. शाल, श्रीफळ, मेट्रन मॅडमचं भाषण. 17 तारखेचं विमान. तिकीट आलं, पण विमान कंपनीच्या साइटवर तो पीएनआर सापडेना. "ग्रुप बुकिंग आहे, 72 तास आधी दिसेल." 11 मार्चला आणखी 46,000 मागितले, तिकिटातला फरक म्हणून. मी थेट विमान कंपनीला फोन लावला. असं बुकिंगच नव्हतं. त्या रात्री नऊनंतर त्यांचे तिन्ही नंबर बंद.

त्याच रात्री सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदली गेली, क्रमांक मिळाला. पण शेवटचे पैसे जाऊन महिना झाला होता. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांतच फोन करायचा असतो. शंका आली की करा, खात्री होईपर्यंत थांबू नका.

खरा छळ सकाळपासून. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "तुम्ही स्वतःच पाठवले ना?" दुसरा, "फुकट काम करायला पैसे कोण भरतं मॅडम?" आणि टेबलापलीकडचे दोघे हसले. मी कागद पुढे केले, पाच व्यवहारांचे यूटीआर, म्हणजे बँकेचे ओळख क्रमांक हाताने लिहून नेले होते. त्यांनी ते उलटेसुद्धा करून पाहिले नाहीत. "दिल्लीचं मॅटर आहे, दिल्लीला जा." गुन्हा कुठेही घडो, कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये हे स्पष्ट आहे. मी कलम सांगितलं तर "मग वकील घेऊनच या." दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या खेपेला साधा अर्ज घेतला, पोच मागितली तर शिक्का कपाटात, चावी दुसऱ्याकडे.

बँक म्हणाली सायबर सेलचं पत्र आणा. पोलीस म्हणाले बँकेचं शिक्क्याचं स्टेटमेंट आणा. त्या स्टेटमेंटचे बँकेने 118 रुपये कापले. मी विचारलं, मी लाभार्थी म्हणून संस्थेचं नाव टाकलं होतं, खातं तर एका माणसाच्या नावावर निघालं, मग पैसे गेले कसे? उत्तर, "एनईएफटी खाते क्रमांकावर चालतं, नावावर नाही." नाव आधी दाखवण्याची सोय द्यायला रिझर्व्ह बँकेने बँकांना 1 एप्रिल 2025 ची मुदत दिली होती. माझे पैसे जानेवारी-फेब्रुवारीत गेले. आता ती सोय आहे, नाव जुळलं नाही तर पाठवूच नका. बँकेच्या मॅनेजरने शेवटी सांगितलं, व्यवहार तुमच्या संमतीने झाला, त्यामुळे आमची जबाबदारी नाही. फसवून घेतलेली संमती ही संमती कशी, हे मला आजवर कुणी समजावलेलं नाही.

शेवटी कलम 173(4) खाली पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने लिहिलं. चव्वेचाळिसाव्या दिवशी, 24 एप्रिलला गुन्हा नोंद झाला, फसवणुकीची कलमं, न्याय संहितेचं 318(4) आणि आयटी कायद्याचं 66 ड. ठाण्यात दाद लागत नसेल तर वाद घालण्यात दिवस घालवू नका, पोस्टात जा, पोचपावती जपा. माझे पैसे ज्या खात्यात गेले, त्यात 1,130 रुपये गोठवलेले सापडले. बाकी पैसे पुढे कितीतरी खात्यांत गेले. ते 1,130 मिळवायलासुद्धा कोर्टाचा आदेश लागेल.

पतसंस्थेचा हप्ता 2,720, अजून दोन वर्षं पगारातून कापला जाईल. काका एक शब्द बोलले नाहीत, त्याचाच जास्त त्रास होतो. निरोप घेतलेल्या जागी 18 मार्चला पुन्हा खिडकीत उभी राहिले.

पैशांपेक्षा जास्त भीती कागदांची आहे. माझ्या फार्मासिस्ट नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, आधार, पॅन, पासपोर्ट, सही केलेले कोरे फॉर्म, सगळं त्यांच्याकडे आहे. आपल्या क्षेत्रात दुसऱ्या फार्मासिस्टच्या प्रमाणपत्रावर औषधाचं दुकान चालवणं काय असतं हे तुम्हाला सांगायला नको. उद्या कुठल्यातरी गावात माझ्या नावावर मेडिकल उघडलं, तिथून भलतीसलती औषधं विकली गेली, तर उत्तर मला द्यावं लागेल. प्रत देताना तिच्यावर आडवं, मजकुरावरूनच, "फक्त अमुक कामासाठी" आणि तारीख लिहा. मी स्वच्छ, रंगीत स्कॅन दिले.

अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी देऊन आले, की माझं प्रमाणपत्र सध्याचं हॉस्पिटल सोडून कुठेही लावलेलं नाही, गुन्ह्याची प्रत सोबत जोडली आहे. त्या अर्जावर आवक क्रमांक मिळाला. तो मी पर्समध्ये ठेवते, पिवळ्या तापाच्या लसीच्या पुस्तिकेसोबत. ती लस मी मुंबईच्या सरकारी केंद्रात जाऊन घेतली होती. त्या तीन महिन्यांतला तेवढा एकच कागद खरा आहे, आणि तो आयुष्यभर चालतो.