कोवळ्या सागाची वाढ कोणत्या गणिताने मांडावी?

तीन-चार वर्षांच्या सागबागेच्या मालकाला दोन प्रश्न पडतात. झाडे आत्ता ज्या वेगाने वाढताहेत तो वेग पुढे टिकेल का? आणि एकाच पावसात लावलेली रोपे बांधाच्या एका अंगाला तरारलेली, तर दुसऱ्या अंगाला खुरटलेली का? पहिला प्रश्न काळाचा, दुसरा जागेचा. वाढीची गणिते बरीच आहेत, पण बहुतेक गणिते यातल्या एकाच प्रश्नाला उत्तर देतात. त्यामुळे निवड चुकली की उत्तर भलत्याच प्रश्नाचे मिळते.

काळापासून सुरुवात करू. इथे जुना मार्ग उत्पादन-तक्त्यांचा. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेने सागाच्या रोपवनांसाठी असे तक्ते केले. वय आणि उंच झाडांची सरासरी उंची पाहायची, त्यावरून जमिनीची प्रत ठरवायची आणि पुढच्या वयाचा घेर व घनफळ वाचायचे. प्रत मात्र ५० व्या वर्षीच्या उंचीशी बांधलेली असते. चौथ्या वर्षीची उंची जमिनीपेक्षा जडी (लावणीसाठी छाटलेले मूळ-खोड) किती जाड होती, तण वेळेवर काढले का, नांग्या (मेलेल्या रोपांच्या जागा) कधी भरल्या यावर जास्त ठरते. एवढ्याशा उंचीवरून पन्नास वर्षांची प्रत ठरवली, तर ती एका पावसाळ्याच्या फरकाने वरखाली होते. मोठ्या, दहा-पंधरा वर्षांच्या रोपवनाला तक्ता अजूनही स्वस्त आणि भरवशाचा. कोवळ्या बागेला तो फारसा उपयोगी नाही.

दुसरा मार्ग स्वतःच्या मोजमापांवर वक्र बसवण्याचा, बहुधा चॅपमन-रिचर्ड्सचा, म्हणजे आधी झपाट्याने चढून पुढे सपाट होत जाणाऱ्या रेघेचा. त्यात कमाल उंची, वेग आणि आकार असे तीन आकडे शोधायचे असतात. झाडे अजून चढणीवरच असताना कमाल उंची कुठून दिसणार? संगणक आकडा देतो, पण तो १८ मीटर आला काय किंवा ३५ आला काय, तुमच्या चार वर्षांच्या नोंदींशी दोन्ही तितकेच जुळतात. १९९० च्या दशकात सागाची ‘युनिट’ विकणाऱ्या योजना ज्या आकड्यांवर फुगल्या, त्यांतही कोवळ्या वाढीची रेघ सरळ वर ओढण्याची हीच हौस होती. वक्र बसवायचाच असेल तर कमाल उंची जवळपासच्या जुन्या रोपवनावरून घ्या आणि उरलेले दोन आकडेच आपल्या बागेतून काढा.

आता जागेचा प्रश्न. निवड करणाऱ्याने खरा वेळ इथे द्यावा.

एक पद्धत जमिनीचा नकाशा काढते. प्रत्येक झाडाचा ओळ-क्रमांक आणि ओळीतला क्रमांक घ्यायचा आणि घेराच्या आकड्यांवर एक गुळगुळीत पृष्ठभाग पसरायचा. गणितात त्याला स्प्लाइन म्हणतात. ‘आर’ या मोफत संगणक-भाषेत ‘स्पॅट्स’ हे पॅकेज हे काम करते. मुरमाड पट्टा कुठे, पाणी कुठे तुंबते हे त्यात उमटते. सागाला पाय ओले राहिलेले मुळीच चालत नाहीत, त्यामुळे हा नकाशा सहसा डोळ्यांना पटतो.

दुसरी पद्धत शेजाऱ्यांचा हिशेब करते. वनशास्त्रज्ञ हेगी यांनी १९७४ साली मांडलेला स्पर्धेचा निर्देशांक सोपा आहे: शेजाऱ्याची जाडी भागिले आपल्या झाडाची जाडी, त्याला पुन्हा मधल्या अंतराने भागा आणि सगळ्या शेजाऱ्यांची बेरीज करा. आपल्या झाडाचा घेर ३० सेंमी, शेजाऱ्याचा ४५ आणि अंतर २ मीटर असेल, तर त्या एका शेजाऱ्याचा दाब ०.७५. तोच शेजारी ४ मीटरवर असता, तर ०.३७५. इथे गुणोत्तरच लागत असल्याने घेराचा व्यास करत बसायची गरज नाही.

कोणती घ्यावी, हे फांद्या भिडल्या की नाहीत यावर ठरते. २ × २ मीटरवर हेक्टरी २५०० रोपे असतात. पहिली काही वर्षे त्यांना एकमेकांचा त्रास नसतो, चांगल्या जमिनीतले झाड आणि त्याचा शेजारी दोघेही जोमदार. म्हणजे शेजाऱ्यांचे आकडे सारखे. फांद्या भिडून छत्र मिटले की उलटे होते. एक वर गेला की दुसरा दबतो, आणि शेजाऱ्यांचे आकडे एकमेकांविरुद्ध जाऊ लागतात. मधल्या एक-दोन वर्षांत हे दोन परिणाम एकमेकांना खाऊन टाकतात. तेव्हा शेजाऱ्यांमधला सहसंबंध शून्याजवळ दिसतो आणि ‘बागेत जागेचा फरकच नाही’ असा निष्कर्ष कागदावर निघतो. प्रत्यक्षात त्याच काळात बागेत सर्वांत जास्त घडत असते. अशा वेळी नुसता नकाशा किंवा नुसता दाब दोन्ही फसवतात. जमीन आणि स्पर्धा एकत्र मांडणारे गणित (‘आर’च्याच ‘ब्रीडआर’ या पॅकेजमध्ये त्याची सोय आहे) तेव्हाच खरे कामाचे.

शेजाऱ्यांचे गणित महाग पडते, हेही लक्षात घ्या. २० × २० मीटरच्या तुकड्यात १०० झाडे बसतात, पण कडेच्या दोन-दोन ओळी केवळ शेजारी म्हणून मोजायच्या. हिशेबात उरतात ३६. मेलेली झाडेही नोंदवावी लागतात, कारण रिकामी जागा म्हणजे शेजाऱ्याची चैन.

काळाच्या वक्राला आणखी एक धक्का बसतो, अळीचा. केरळातल्या नीलंबूरच्या कोवळ्या रोपवनांत केरळ वन संशोधन संस्थेने पाने खाणाऱ्या अळीपासून काही तुकडे वाचवले. त्या तुलनेत अळी लागलेल्या तुकड्यांची घनफळातली संभाव्य वाढ सुमारे ४४ टक्क्यांनी घटली होती. असे वर्ष गुळगुळीत वक्रात बसत नाही, म्हणून त्या वर्षाला वेगळी खूण करून ठेवावी.

उपग्रहाच्या चित्रांवर विसंबायचा मोह होतो. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या चित्रातला एक चौकोन १० मीटरचा, म्हणजे २ × २ च्या बागेतली २५ झाडे एका ठिपक्यात. वाढीच्या महिन्यांत ढग, उन्हाळ्यात साग निष्पर्ण. झाडनिहाय निर्णयासाठी ते सोडा.

माझा सल्ला असा. बाग चार वर्षांच्या आतली आणि फांद्या सुट्या असतील, तर नकाशाची पद्धत घ्या, भाकीत विसरा. खतमाती कुठे द्यायची एवढे कळले तरी पैसे वसूल. विरळणी (दाटी कमी करायला काही झाडे काढणे) दारात आली असेल, तर शेजाऱ्यांचा हिशेब घ्या. मात्र पहिली विरळणी तिरप्या ओळी एकाआड एक काढून ठोकळेबाज करणार असाल, तर तोही नको, कारण तिथे झाड निवडलेच जात नाही. तो दुसऱ्या विरळणीपूर्वी करा. वेगवेगळ्या बियाण्यांची किंवा ऊतिसंवर्धित रोपांची तुलना करायची असेल, तर एकत्रित गणिताला पर्याय नाही, नाहीतर चांगल्या जमिनीचे श्रेय रोपाला जाईल. बँकेला किंवा भागीदाराला तोडणीच्या वेळचा आकडा हवा असेल, तर तक्त्यातून एक नव्हे, दोन लगतच्या प्रतींचे आकडे द्या.

यांपैकी काहीही निवडले तरी क्रमांक घातलेली तीच झाडे दरवर्षी उन्हाळ्यात, १.३७ मीटरवर रंगाचा पट्टा मारून, त्याच पट्ट्यावर मोजा. कोवळ्या झाडाचा घेर वर्षात थोडेच सेंटीमीटर वाढतो, आणि टेप बोटभर वर-खाली लागली की त्या वाढीत चूक मिसळते.