मार्व्हल लेजंड्सचा कॉमिकवाला स्पायडर-मॅन: जवळपास वर्षभराच्या वापरानंतर

ऑक्टोबरच्या उकाड्यात माझ्या शोकेसच्या मधल्या फळीवरच्या सुपरहिरोंच्या फिगर कोसळल्या. दुसऱ्या एका कंपनीच्या बॅटमॅनचे घोटे मऊ पडत गेले, जड केपच्या वजनाने तो रोज थोडा थोडा कलत होता, आणि शेवटी शेजारच्या तिघांना घेऊन आडवा झाला. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, बॉक्स उघडला असेल तर रिटर्न नाही. अहो, बॉक्स न उघडता घोटा तपासायचा कसा?

त्याच फळीवर मार्व्हल लेजंड्स या फिगरच्या मालिकेतला स्पायडर-मॅन मात्र उकिडवा बसला होता तसाच होता, म्हणून हे लिहायला घेतलं.

फिगर साधारण सहा इंची, सांधे हलणारे, एवढं पुरे. मी घोट्यांबद्दलच लिहिणार आहे. फिगर घेताना सगळे चेहरा बघतात, रंग बघतात, जास्तीचे हात मोजतात. घोटा कुणी बघत नाही. पाऊल वर-खाली व्हायला हवंच, पण डावी-उजवीकडेही कलायला हवं. त्यालाच रॉकर म्हणतात. तो नसेल तर पाय फाकवले की तळवा नुसता कडेवर टेकतो. बाकीच्यांचं एक वेळ चालेल, स्पायडर-मॅनचं नाही. १९६२ मध्ये स्टीव्ह डिटको यांनी त्याला कागदावर उतरवला, तेव्हापासून गुडघे बाहेर काढून दबा धरून बसणं ही त्याची ओळख आहे. या फिगरमध्ये गुडघे पूर्ण दुमडूनही दोन्ही तळवे सपाट टेकतात, आणि इतक्या महिन्यांनीही रॉकर घट्ट आहे. मला याचा मनापासून आनंद होतो.

बाकीचं थोडक्यात. सुरुवातीला कोपर-गुडघ्यांत सांधे जोडणाऱ्या पिना दिसत नाहीत याचंच मला फार कौतुक होतं, कारण जुन्या फिगरमध्ये लाल भागात निळी पिन डोळ्यांत खुपायची. आता तितकं वाटत नाही. दोन फुटांवरून ती दिसतही नाही. उलट बदलायचे हात ड्रॉवरमध्ये पडून राहतील असं वाटलं होतं, पण जाळं सोडणारा हात बसवल्यापासून काढावासाच वाटलेला नाही.

किंमत मात्र टोचते. अमेरिकेत साधारण २५ डॉलरची ही वस्तू. आपल्याकडे खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०. वर १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरो) प्रमाणपत्र सक्तीचं. मला सव्वाचार हजारांना पडला. एवढे मोजल्यावर फिगरने स्टँडशिवाय उभं राहावं, ही अपेक्षा रास्तच आहे. बिल्ड-अ-फिगरच्या, म्हणजे वेगवेगळ्या बॉक्सांतले तुकडे जोडून एक मोठी फिगर बनवण्याच्या नादाला मी लागत नाही. टॉय बिझ या खेळणी कंपनीने २००५ मध्ये गॅलॅक्टस या मार्व्हलच्या खलनायकाचे तुकडे वेगवेगळ्या बॉक्सांत घालून विकले तेव्हापासून हा प्रकार चालू आहे. एका पायासाठी नको असलेली फिगर घेणं माझ्या खिशाला मानवत नाही.

बॅटमॅनचे पाय गरम पाण्यात धरले, सरळ केले आणि लगेच बर्फाच्या पाण्यात बुडवले. तात्पुरता फरक पडतो. उकाडा वाढला की पुन्हा कलतो. त्याला आता पारदर्शक स्टँड दिलाय. बंद शोकेसमध्ये फिगरचं पीव्हीसी प्लॅस्टिक चिकट होतं, त्यासाठी कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण पुरे. रंगाला काही झालेलं नाही. ऊन मात्र लागू देऊ नका.

दिवाळीआधी मार्व्हलचाच दुसरा हिरो, डेअरडेव्हिल घ्यायचाय. सेकंडहँड चालेल, बॉक्स नसला तरी चालेल. विक्रेत्यांकडे घोट्याचा बाजूने काढलेला फोटो आणि पाय फाकवून उभं केल्याचा छोटा व्हिडिओ मागतोय. जो पाठवेल त्याच्याकडून शे-दोनशे जास्त देऊनही घेईन.