ओपनएलडॅप, आठ महिन्यांनंतर: सगळं ठीक, पण ते सीएन!

ऑफिसातल्या तीनेकशे लोकांची लॉगिनं ओपनएलडॅपवर, म्हणजे सगळ्यांच्या नोंदी एका जागी सांभाळणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरवर, आणून आठ महिने झाले. लायसन्सचा एक रुपया गेला नाही, अडगळीतल्या मशीनवर निवांत चालतंय. वेगाबद्दल तक्रार नाही. तक्रार नावांची.

डीएन म्हणजे नोंदीचं पूर्ण नाव, जणू पोस्टकार्डावरचा पत्ता: आधी माणूस, मग मु. पो., ता., जि. मी माणसाच्या जागी सीएन, म्हणजे रोजचं नाव, घातलं. सीएन=संतोष पाटील, ओयू=लेखा (ओयू म्हणजे विभागाची फांदी), पुढे डीसी, म्हणजे डोमेनचे तुकडे. वाचायला काय गोड! तिसऱ्या महिन्यात लेखा विभागात दुसरे संतोष पाटील रुजू झाले आणि एरर ६८: नोंद आधीच आहे. एका फांदीखाली एक नाव दोघांना मिळत नाही, हे ठाऊक होतं. महाराष्ट्रात पाटील किती, हे विसरलो. नव्यांना ‘संतोष पाटील २’ केलं. ‘मी काय सिनेमाचा दुसरा भाग आहे का?’ म्हणाले.

मग ‘पाटील, संतोष’ करून पाहिलं. डीएनमध्ये स्वल्पविराम आला की पुढचा भाग सुरू! त्याच्याआधी उलटा स्लॅश हवा, नाहीतर एरर ३४. एक अख्खी दुपार त्या टिंबाच्या शेपटीपायी गेली.

खरा वैताग पुढे. एकीने लग्नानंतर आडनाव बदललं. मॉडआरडीएन या नाव बदलायच्या कमांडने नोंद बदलली, पण ग्रुपमध्ये मेंबर म्हणून जुना डीएनच राहिला. सोमवारी सकाळी तिचं फोल्डर उघडेना. दोन आठवडे मी सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या. नंतर कळलं, रेफइंट ओव्हरले (ओपनएलडॅपचा जोडभाग) लावला की ग्रुपमधले डीएनही आपोआप बदलतात. मी लावलाच नव्हता. शिव्या परत घेतो.

उलट पुढच्या महिन्यात सुखद धक्का: एका विभागाचं नाव बदललं, तर अख्खी ओयू एका कमांडमध्ये फिरली, खालच्या चाळीस नोंदींसकट. एमडीबी बॅकएंडची, म्हणजे नोंदी साठवणाऱ्या भागाची, कृपा. जुन्या बीडीबीवर हे जमत नसे.

शेवटी एका रविवारी डीएनमध्ये सीएनच्या जागी सगळ्यांना यूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, दिला: आमचा कर्मचारी क्रमांकच. विभागांच्या फांद्याही मोडल्या. विभाग आता नोंदीतला एक रकाना, नुसतं अ‍ॅट्रिब्यूट, बदली झाली तरी डीएन हलत नाही. पहिल्या प्रयत्नात कमांडला जुनं नाव पुसायचा ‘-आर’ पर्याय दिला, तर एरर ६५, कारण नोंदीत सीएन सक्तीचं आहे. ‘-आर’ काढला, झालं.

पाचपैकी चार तारे. एक माझ्या रविवारचा कापला.

आणि हो, सीएन तसंच राहिल्याने मेलच्या अ‍ॅड्रेस बुकात ते अजून ‘संतोष पाटील २’च दिसतात. काल जिन्यात भेटले, हसले नाहीत.