एनएस-३ : बी दाबली की बोट सुटायला हवी होती

एनएस-३ ला, म्हणजे संगणकातच नेटवर्क उभं करून तपासायच्या सिम्युलेटरला, माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. फुकट आहे, कोड उघडा आहे, वायफायचं मॉडेल बारीक आहे. कापलेला दीड कीबोर्डपायी.

माझा एम.टेक.चा विषय फेरीबोटीवरचं वायफाय. एक ॲक्सेस पॉइंट पणजीच्या धक्क्यावर, एक बेतीच्या, मधे मांडवीत बोट. डेमोला 'बी' दाबली की बोट सुटावी, एवढीच हौस. साधा सी-इन (सी++ मधली कीबोर्डवरून वाचायची सोय) टाकला. बोट अडली, पॅकेटं अडली, सिम्युलेटरचं घड्याळही अडलं. चूक माझीच. इथे सगळा कारभार इव्हेंटच्या, म्हणजे ठरल्या वेळी घडायच्या कामांच्या, रांगेवर. एक आटोपल्याशिवाय पुढचा हलत नाही, आणि माझा एंटरची वाट बघत बसलेला.

मग सी-इन तसाच ठेवून एनएस-३ चाच रिअलटाइम सिम्युलेटर लावला. त्यात खरं घड्याळ कोणासाठी थांबत नाही. चहाचा घोट घेत मी आठेक सेकंद काढले आणि कळ दाबली, तर साचलेले बीकन (ॲक्सेस पॉइंटच्या 'मी इथे आहे' अशा हाका) भराभरा स्क्रीनवर! दर १०२.४ मिलिसेकंदांनी एक, म्हणजे एकेका पॉइंटचे ७८. कदंबा बस उशिरा आली की स्टॉपवरचे सगळे एकदम घुसतात ना, तसं.

औषध एनएस-३ च्या घरातच आहे: एफडी-रीडर, कीबोर्डसारख्या ठिकाणाहून येणारं वाचणारा क्लास. तो वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे मुख्य कामाला समांतर, वाचत बसतो. मात्र त्याचं डू-रीड (प्रत्यक्ष वाचायचं फंक्शन) आपणच लिहायचं, आलेला बफरही (वाचलेलं ठेवलेली मेमरी) आपणच मोकळा करायचा. आणि त्या थ्रेडमधून बोटीला थेट हात लावायचा नाही. शेड्यूल-विथ-कॉन्टेक्स्ट या फंक्शनने रांगेत इव्हेंट टाकायचा, ते दुसऱ्या थ्रेडमधूनही बिनधोक चालतं. मला हे उमगलं ते एफडी-रीडर वापरणाऱ्या एफडी-नेट-डिव्हाइस या क्लासचा सोर्स चाळताना, रात्री दीडला.

एंटरशिवाय कळ हवी तर टर्मिनलचा मोड बदलावा लागतो. तो लिनक्सचा प्रांत. मी मोड पूर्ववत न करताच कंट्रोल-सी मारून बाहेर पडलो, तर टाइप केलेलं काही दिसेना. बाहेर धो-धो पाऊस, वाटलं लॅपटॉपमध्ये पाणी गेलं. शेवटी आंधळेपणाने 'एसटीटीवाय सेन' (टर्मिनल ताळ्यावर आणायची कमांड) टाइप केलं तेव्हा अक्षरं परतली.

नोड (नेटवर्कमधली यंत्रं) किती, वेग किती, एवढंच सुरुवातीला सांगायचं असेल तर या फंदात पडूच नका. कमांडलाइन क्लास आहे, दोन ओळींत काम होतं.

डेमोला सरांनी स्वतः 'बी' दाबली. बोट झकास सुटली, बेतीला लागली. "आता परत कशी आणायची?" त्यांनी विचारलं. ती कळ मी लिहिलीच नव्हती.