फाटे फुटणारे कथा-गेम: स्टॅनली, अंडरटेल, डेट्रॉइट की डिस्को एलिसियम?

गोष्टी आवडतात, गेमही आवडतात, आणि आता आपल्या निर्णयांनुसार कथा बदलणारा एखादा गेम घ्यायचा आहे, अशा वाचकासाठी हे लिहितो आहे. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात शोधायला गेलं की वर्णनावर वर्णनात 'अनेक शेवट' हे शब्द दिसतात, आणि ज्याचे शेवट जास्त तो गेम भरगच्च असं साहजिकच वाटायला लागतं. हा हिशेब सोडून द्या. निअर: ऑटोमाटा या २०१७च्या जपानी गेमला २६ शेवट आहेत, इंग्रजी वर्णमालेच्या प्रत्येक अक्षराला एक. त्यातला 'के' हा शेवट आपल्या पात्राने मॅकरेल, म्हणजे आपल्या बांगड्याचा भाऊबंद, खाल्ला की येतो. बरेचसे शेवट असेच गमतीचे आहेत, खरी कथा 'ए' ते 'ई' या पाचांत आहे. याउलट डिस्को एलिसियममध्ये खून कोणी केला याचं उत्तर तुम्ही काहीही केलंत तरी एकच राहतं, आणि तरीही दोघांनी खेळलेला डिस्को एकमेकांशी क्वचितच जुळतो.

म्हणून मी या गेमांकडे बघताना शेवट मोजत नाही. मी बघतो ते एवढंच: घेतलेल्या निर्णयाचा पस्तावा झाला आणि मागे फिरलो, तर गेम त्याचं काय करतो? सेव्ह-लोडची, म्हणजे खेळ जपून ठेवून मागच्या टप्प्यावरून पुन्हा सुरू करण्याची, सोय जवळपास प्रत्येक गेममध्ये असते. आयुष्यात नसलेली ही सोय गोष्टीत आली की निर्णयाला वजन उरतं का, हाच या प्रकारातला खरा पेच आहे. खालच्या चार गेमांनी तो चार तऱ्हांनी सोडवला आहे. शेवट कुणाचाही फोडत नाही, पण सुरुवातीच्या काही प्रसंगांबद्दल बोलल्याशिवाय तुलना होणार नाही.

डेट्रॉइट: सगळे रस्ते नकाशावर

क्वांटिक ड्रीम या फ्रेंच स्टुडिओचा 'डेट्रॉइट: बिकम ह्यूमन' २०१८ साली प्लेस्टेशन ४वर आला आणि नंतर पीसीवर. काळ २०३८, शहर डेट्रॉइट, आणि कॉनर, कारा, मार्कस हे तीन अँड्रॉइड, म्हणजे माणसासारखे दिसणारे यंत्रमानव. तिघांच्या कथा तुम्ही आळीपाळीने खेळता. पहिल्याच प्रकरणात कॉनर एका उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये येतो. बाहेर गच्चीच्या कडेवर एका अँड्रॉइडने लहान मुलीला ओलीस धरलं आहे. तुम्ही घरात जितके पुरावे शोधाल तितकी यशाची शक्यता वाढते आणि तिचा टक्का पडद्यावर दिसत राहतो, पण शोधाशोधीत वेळही जात असतो. सुरुवात म्हणून हे प्रकरण फार कसलेलं आहे.

प्रकरण संपलं की समोर त्याचा पूर्ण आराखडा येतो: तुम्ही कुठून गेलात, कुठे फाटा होता, कोणती चौकट अजून कुलूपबंद आहे, आणि जगभरातल्या किती टक्के खेळाडूंनी तुमचीच वाट धरली. इतका प्रामाणिक हिशेब फार थोडे गेम देतात. फाटेही खरे आहेत. कारा सुरुवातीच्या भागातच मरू शकते आणि मग तिची पुढची प्रकरणं तुमच्या खेळात येतच नाहीत. कॉनर मेला तर कंपनी त्याच्या जागी दुसरा कॉनर पाठवते, पण त्याचा सहकारी हँक हे विसरत नाही.

पण हाच आराखडा मला खुपतो. एखाद्या मृत्यूने घसा दाटून आलेला असतो आणि पुढच्याच क्षणी पडद्यावर चौकटी आणि टक्केवारी. पुन्हा अलीकडच्या टप्प्यावर जाऊन दुसरा रस्ता धरायची मुभाही तिथेच दिलेली असते. माणूस दुःख करायचं सोडून कुलुपं उघडायला लागतो. शिवाय अँड्रॉइडांच्या मुक्तीची कथा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्यावर बेतलेली आहे, आणि ती ज्या ढोबळ हाताने बेतली आहे त्याबद्दल झालेली टीका मला रास्त वाटते. बसमध्ये अँड्रॉइडांसाठी मागे वेगळा कप्पा दाखवला की लेखकाला काय म्हणायचं आहे ते लगेच समजतं, पण त्यापलीकडे तो फारसा जात नाही.

अंडरटेल: विसरत नाही तो

टोबी फॉक्सने जवळजवळ एकट्याने केलेला अंडरटेल २०१५ साली आला. संगीतही त्याचंच, चित्रांना मुख्यतः टेमी चँगची मदत. दिसायला तीस वर्षांपूर्वीच्या गेमसारखा, ठिपक्याठिपक्यांचा. जमिनीखालच्या राक्षसांच्या जगात एक मूल पडतं आणि तिथून त्याला बाहेर यायचं आहे. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाशी लढता येतं किंवा त्याला सोडून देता येतं. कुणालाही न मारता गेम पूर्ण करता येतो, आणि शोधून शोधून सगळ्यांना संपवूनही.

सुरुवातीलाच टोरिएल भेटते. ती या मुलाला घरी नेते, त्याच्यासाठी 'पाय' नावाचा गोड पदार्थ भाजते, त्याची खोली तयार करते. मूल निघायचं म्हणतं तेव्हा मात्र ती दार अडवून उभी राहते आणि लढाई सुरू होते. सोडून द्यायचा पर्याय निवडला तर काहीच बदलत नाही असं वाटतं, त्यामुळे पुष्कळ खेळाडू नाइलाजाने वार करत जातात आणि ती मरते. मग हळहळून जुना सेव्ह उघडतात, या वेळी धीर धरून पुन्हा पुन्हा दया दाखवत राहतात आणि ती वाचते. सगळं ठीक झालं असं म्हणून पुढे जावं, तर फ्लावी नावाचं एक बोलणारं फूल समोर येतं आणि तुम्ही आधी काय केलं होतं ते तुम्हाला सांगतं.

मला या प्रकारातला सगळ्यात मोठा क्षण हाच वाटतो. सेव्ह फाइल ही खेळाडूची खासगी जागा असते, गोष्टीतल्या कुणाला तिचा पत्ता नसतो, असं आपण इतकी वर्षं गृहीत धरलेलं. अंडरटेल ती जागाच कथेत ओढून घेतो. डेट्रॉइट मागे फिरायला नकाशा देतो, अंडरटेल मागे फिरलात याची नोंद ठेवतो. सर्वांना मारण्याची वाट तर मुद्दामच कंटाळवाणी आणि उजाड केली आहे: ओस गावं, मंदावलेलं संगीत, आणि शेवटाकडे अतिशय अवघड लढाया. ती वाट कुतूहलापोटी पूर्ण केलीत तर त्यानंतर मिळवलेल्या चांगल्या शेवटावरही तिचा डाग राहतो. म्हणून पहिल्यांदा खेळताना यूट्यूब किंवा कुठलीही मार्गदर्शिका उघडू नका. कळकळीने सांगतो, हा गेम एकदाच नवा असतो.

एक अडचण मात्र आहे. लढाईत लहानसं लाल हृदय चौकटीत हलवून गोळ्या चुकवायच्या असतात. बोटांना अजिबात सवय नसेल तर काही ठिकाणी दमछाक होते.

स्टॅनली: मागे फिरणं हाच खेळ

'द स्टॅनली पॅरेबल' आधी २०११ साली हाफ-लाइफ २ या गेमवर केलेला एक मॉड, म्हणजे मूळ गेममध्ये फेरफार करून बनवलेला खेळ, होता. डेव्ही रेडन आणि विल्यम प्यू यांनी तो २०१३ मध्ये स्वतंत्र गेम म्हणून नव्याने केला. सध्या घ्यायची ती २०२२ची 'अल्ट्रा डीलक्स' आवृत्ती. स्टॅनली हा कर्मचारी क्रमांक ४२७. एके दिवशी ऑफिसात कुणीच नाही. निवेदक सांगतो की स्टॅनली डावीकडच्या दारातून गेला, आणि तुमच्यासमोर दोन दारं उघडी असतात. उजवीकडे वळा, निवेदक गोष्ट सावरायला लागतो. पुन्हा हट्ट करा, तो चिडतो. केव्हन ब्रायटिंगचा आवाज या गेमचा अर्धा जीव आहे.

एकेका शेवटाला काही मिनिटं पुरतात आणि लगेच गेम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. इथे पस्तावायला कुणी मरत नाही, कुणाशी नातं जडत नाही. निवड म्हणजे नेमकं काय, गेम बनवणाऱ्याने आधीच आखलेल्या वाटांतून जाणाऱ्याला स्वतंत्र म्हणावं का, एवढ्याच गोष्टीवर तो बोट ठेवतो, तेही खूप हसवत. तुम्ही झाडूच्या कपाटात जाऊन उभे राहिलात तरी त्यावर निवेदकाला बोलायचं असतं. डेट्रॉइट आणि अंडरटेल खेळून झाल्यावर तो जास्त रुचतो, कारण तोवर या प्रकाराच्या सवयी अंगवळणी पडलेल्या असतात आणि स्टॅनली नेमक्या त्याच पकडतो. याच वाटेवरचा, पण भयाकडे झुकणारा काही हवा असेल तर 'स्ले द प्रिन्सेस' (२०२३) बघा. पेन्सिलने रेखाटलेला आहे. जंगलातल्या झोपडीतल्या राजकन्येला मारा असं निवेदक सांगतो, आणि तुम्ही तिच्याशी जसं वागाल तशी ती पुढच्या फेरीत बदलून भेटते. रक्तपात पुष्कळ आहे.

डिस्को एलिसियम: हरण्याची भीती घालवणारा

एस्टोनियातून आलेल्या झेडए/यूएम या मंडळींचा हा २०१९चा गेम. २०२१च्या 'फायनल कट' आवृत्तीत जवळजवळ सगळे संवाद आवाजात ऐकू येतात. रेव्हाशोल नावाच्या काल्पनिक शहरातला मार्तिनेझ हा पडका बंदरभाग, गोदी कामगारांचा संप चाललेला, आणि वसतिगृहामागच्या झाडाला आठवडाभर लटकत असलेलं प्रेत. तपासाला आलेला पोलीस अधिकारी म्हणजे तुम्ही. इतकी प्यायलेली असते की सकाळी स्वतःचं नावही आठवत नाही. सोबत किम कित्सुरागी, शांत, नेमका, नारिंगी जाकिटातला. त्याच्या नजरेत आपली किंमत राहावी म्हणून खेळाडू गेमभर धडपडतात, इतकं ते पात्र उतरलं आहे.

गिरणगाव किंवा माझगावच्या गोदीच्या आठवणी घरात ऐकलेल्या मराठी वाचकाला इथलं युनियनचं राजकारण परकं वाटणार नाही. संपाची गोष्ट सांगताना हा गेम कामगार, कंपनी, जुने क्रांतिकारक, सगळ्यांनाच बोलू देतो आणि कुणालाही सोडत नाही.

तुमच्या डोक्यात २४ कौशल्यं आहेत आणि ती बोलतात. तर्क एक सांगतो, सहानुभूती दुसरं, आणि व्यसनाचं प्रतिनिधित्व करणारं इलेक्ट्रोकेमिस्ट्री तिसरंच काही मागतं. अवघड गोष्टीसाठी दोन फासे पडतात, त्याला तपासणी म्हणतात. पांढरी तपासणी हुकली तर कौशल्य वाढवून पुन्हा करता येते, लाल तपासणी एकदाच. सेव्ह-लोडला कुठलीच बंदी नाही, फासे मनासारखे पडेपर्यंत लोड करत बसता येतं. तरी काही तासांत ती सवय सुटते, कारण हुकल्यावर जे घडतं ते जमल्यावर घडणाऱ्यापेक्षा कितीदा तरी अधिक सुरस लिहिलेलं आहे. डेट्रॉइट मागे जाऊ देतो, अंडरटेल मागे गेल्यावर जाब विचारतो, आणि डिस्को मागे जाण्याची इच्छाच काढून घेतो. माझ्या मते तिन्हींत अवघड काम हेच. फाटा इथे कथानकाला फुटत नाही, तुमच्या पात्राला फुटतो: तो कोणत्या विचारांचा होतो, कुणाची माफी मागतो, दारू सोडतो की नाही.

शरीर अगदी दुबळं ठेवून सुरुवात केली तर पंख्याला अडकलेला टाय काढताना हृदय बंद पडून पहिल्या खोलीतच गेम संपू शकतो. तेव्हा पहिल्या खेपेला शरीरासकट चारी मूळ गुणांत (ती २४ कौशल्यं त्यांतच विभागलेली आहेत) समतोल ठेवा.

मग घ्यायचा कोणता?

आधी लॅपटॉप बघा. अंडरटेल ग्राफिक्स कार्ड नसलेल्या जुन्या मशीनवरही सहज चालतो. स्टॅनली आणि डिस्कोला त्यापेक्षा बरं मशीन लागतं. डेट्रॉइटला चांगलं ग्राफिक्स कार्ड आणि डिस्कवर ५० जीबीहून जास्त जागा हवी. ते नसेल तर प्लेस्टेशन, नाहीतर तो विषय बंद.

मग इंग्रजी. यातला एकही गेम मराठीत नाही. डिस्कोत दहा लाखांहून अधिक शब्द आहेत, तेही वळणावळणाच्या, साहित्यिक इंग्रजीत. इंग्रजी कादंबऱ्या सहज वाचत असाल तर तोच घ्या, बाकीचे तीन नंतर. पंचवीस-तीस तास लागतील, रोज थोडा थोडा खेळला तर महिनाभर पुरेल. कादंबऱ्या वाचायची सवय नसेल तर अंडरटेल: वाक्यं छोटी, भाषा सोपी, आणि सात-आठ तासांत पहिला शेवट दिसतो. शब्दांवरच्या कोट्या मात्र खूप आहेत, काही निसटतील.

घरात भावंडं किंवा मित्र जमून टीव्हीवर खेळायचं असेल तर डेट्रॉइटला तोड नाही. प्रत्येक निर्णयावर हॉलमध्ये वाद होतो आणि घड्याळ पळत असतं. एकट्याने खेळताना मला खटकलेला आराखडा चारचौघांत उलट रंगत आणतो. सोपी पातळी निवडू नका, तिच्यात मुख्य पात्रं सहजासहजी मरत नाहीत आणि निर्णयांची धारच जाते. काराच्या कथेत घरगुती हिंसा आणि लहान मुलीला होणारी मारहाण आहे, त्यामुळे खोलीत लहान मुलं असतील तेव्हा लावू नका.

हातात एकच संध्याकाळ असेल तर स्टॅनली. त्याचा मोफत डेमोही २०१३ साली निघाला होता. त्यातलं काहीही मूळ गेममध्ये नाही, म्हणून तो आधी खेळला तरी बिघडत नाही.

आणि निअर घ्यायचं मनात असलंच, तर 'ए' शेवटानंतर श्रेयनामावली आली म्हणून थांबू नका. त्या सेव्हवरून पुढे खेळत राहा. निम्म्याहून अधिक कथा त्यानंतर आहे.