पगाराच्या बँकेचं क्रेडिट कार्ड: दोन वर्षांच्या वापरानंतर

पगाराचं खातं ज्या बँकेत, तिचंच हे कार्ड. काउंटरवरच्या मुलाने "ताई, फ्री आहे" म्हणत फॉर्म भरून घेतला. फ्री होतं ते पहिलं वर्ष. दुसऱ्या वर्षापासून 499 रुपये फी, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 588 रुपये 82 पैसे. वर्षात एक लाखाचा खर्च झाला तर फी माफ, पण त्या लाखात घरभाडं आणि वॉलेटमध्ये टाकलेले पैसे धरत नाहीत. शुल्कांचा तक्ता फॉर्मबरोबर मिळतो. तो सही करण्याआधी वाचा, मी नंतर वाचला.

फीपेक्षा मोठा फटका मला तारखेने दिला. मी शाळेत क्लार्क आहे, पगार 5 तारखेच्या आत कधी होत नाही. कार्डाचं बिल 10 ला निघायचं आणि 30 पर्यंत भरायचं, म्हणजे नेमकं महिनाअखेरीला. 2024 च्या दिवाळीआधी, 25 ऑक्टोबरला, साताऱ्यात 28 हजारांचा फ्रीज घेतला. नोव्हेंबरचं बिल आलं 31,400. त्याखालीच 'मिनिमम ड्यू 1,570', म्हणजे निदान एवढे तरी भरा, असं दिसलं, तेवढं भरलं आणि निश्चिंत झाले. डिसेंबरच्या बिलात व्याज आणि त्यावरचा जीएसटी मिळून दोन हजारांच्या वर! मी भरले होते त्याहून जास्त.

हेल्पलाइनवरच्या बाईंनी शांतपणे समजावलं. बिल पूर्ण भरलं नाही की व्याज खरेदीच्या दिवसापासून लागतं, महिना पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला 45. त्यानंतर घेतलेल्या किराण्यालाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. मला हा दर सावकारीच वाटतो. 30 टक्क्यांच्या वरचं व्याज गैर, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये म्हटलं होतं, पण माझं ते बिल आलं नेमक्या त्याच, 2024 च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने तो निकाल रद्द केला. तेव्हा कुणी आपल्याला वाचवायला येणार नाही, बिल पूर्णच भरायचं.

याच फोनवर एक कामाची गोष्ट कळली. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बिलाची तारीख किमान एकदा बदलून मिळते. मी 20 करून घेतली. आता पैसे भरायचे 10 ला, पगार हातात आल्यावर. 21 ला काही घेतलं तर जवळजवळ 50 दिवस बिनव्याजी मिळतात, आणि या कार्डाचा मला झालेला खरा फायदा हाच. लेट फीसुद्धा शेवटच्या तारखेनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय लावता येत नाही, व्याज मात्र थांबत नाही.

पॉइंटचं फार मनावर घेऊ नका. शंभराला एक पॉइंट, चार पॉइंटांचा एक रुपया. लाखभर खर्चाचे अडीचशे रुपये होतात आणि ते वळते करताना 99 रुपये अधिक जीएसटी कापतात. पेट्रोलवरचा एक टक्का सरचार्ज परत येतो, त्यावरचा जीएसटी येत नाही. विमानतळावरच्या लाउंजचा मला उपयोग नाही. एटीएममधून या कार्डावर पैसे मात्र काढूच नका, पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर किमान 500 रुपये शुल्क.

पगार ठरलेल्या तारखेला होतो आणि बिल पूर्ण भरणं जमतं, त्यांनी हे कार्ड जरूर घ्यावं. मी सध्या ठेवलंय. यंदा आतापर्यंत 83 हजार झालेत, पुढच्या महिन्यात विम्याचा 19 हजारांचा हप्ता याच कार्डावर भरला की फी माफ.